धसकटातली अळी

प्रश्न : भात कापल्यावर धसकट चिरलं, तर आत पिवळसर अळी दिसली. आता ती मरेल ना?
– एक शेतकरी, मुरबाड

उत्तर : नाही, भाऊ. ही बहुधा खोडकिड्याची अळी. पोंगे वाळतात, लोंब्या पांढऱ्या पोचट निघतात, ते हिच्यामुळेच. शहापूर-मुरबाडात भातानंतर बरीच शेतं मोकळी राहतात. तेवढे दिवस ती बुडख्यात सुप्त पडून काढते. मग पतंगाला बाहेर पडण्यासाठी खोडाला भोक पाडते, ते रेशमाने झाकते आणि आतच कोषात जाते. तिथे अळीचं बरंचसं शरीर विरघळून पंखांचा पतंग घडतो. पिवळी मादी पानाच्या शेंड्याजवळ अंडी घालते. कापणी जमिनीलगत करा, धसकटं नांगरून, वेचून नष्ट करा. लावणीआधी रोपांचे शेंडे खुडून जाळलेत, तर अंडीही जातील.