रोडगा आणि आकाशराणीच्या पोळ्या

आमच्या गावच्या शिवेवर कडुलिंबाखाली मातामाय आहे. मूर्ती अशी नाही. शेंदूर लावलेले दोन-तीन दगड, हिरव्या बांगड्या आणि एक दिवली. मोहाडीच्या चौंडेश्वरीसारखे देऊळ आणि जत्रा या मातामायच्या नशिबी नाही, पण भंडारा जिल्ह्यात असे ठाणे नसलेले गाव शोधावेच लागेल. घरात गोवर-कांजण्या निघाल्या की ‘माता आली’ म्हणायचे, निंबाचा पाला उशाशी ठेवायचा आणि लेकरू बरे झाले की रोडग्यांचा नवस फेडायचा. माझ्या धाकट्या भावाच्या आजारात आजीने असाच नवस बोलला होता.

मी तेव्हा बी.ए.च्या प्रथम वर्षाला होते. चाचणी परीक्षेत संतकाव्यावर प्रश्न आला होता आणि मी लिहिले होते की संतांनी शेंदरी दैवतांचा निषेध करून समाजाला एका देवाकडे वळविले. त्या उत्तराला चांगले गुण मिळाले. त्याच महिन्यात नवस फेडायचा होता. मी कणीक मळली, वांग्याची भाजी केली, पण मातामायपुढे हात जोडले नाहीत. उलट आजीलाच सुनावले, “हे सारं अडाणीपणाचं आहे. तुकाराम महाराजांनीच सांगून ठेवलं आहे.”

आजी शाळेत गेलेली नाही. ती म्हणाली, “तुकाराम महाराज तं माहे बी होत बाई. पण पोराच्या अंगावर माता आली तवा मी हिलेच हाक मारली.”

या उत्तरावर मला काही बोलता आले नाही. प्रस्तुत लेख हा एका अर्थाने त्या न सुचलेल्या उत्तराचा शोध आहे. मी या विषयाची अधिकारी नाही, परंतु वर्षभर जे वाचले ते प्राध्यापकांसमोर आणि मैत्रिणींसमोर ठेवण्याचे धाडस करीत आहे.

उत्तर शोधायला मी गेले संतांकडे आणि पहिली ठेच लागली ती भलतीकडेच. ग्रंथालयात मराठी ‘पवित्र शास्त्र’ चाळताना यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथाचा सातवा अध्याय उघडला. यिर्मया हा इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकांतला. यरुशलेममधील लोक काय पाप करतात हे तो रागाने सांगतो आहे : मुले लाकडे गोळा करतात, बाप विस्तव पेटवितात आणि बाया कणीक मळून आकाशराणीसाठी पोळ्या करतात. मी ते दोनदा वाचले. आमच्याकडे मुले गोवऱ्या वेचून आणतात, माणसे आर पेटवितात, बाया रोडगे वळतात. त्या संतापलेल्या संदेष्ट्याने आमच्या कडुलिंबाखालचाच देखावा लिहून ठेवला आहे असे मला वाटले! पोळ्यांसाठी तेथे जो हिब्रू शब्द आहे, तो मूळचा बाबिलोनकडील अक्कडी भाषेतला असून तिकडे इश्तार देवीला वाहायच्या पोळ्यांसाठी वापरीत, असे अभ्यासक सांगतात. म्हणजे देवीबरोबर तिच्या नैवेद्याचे नावही परदेशातून आले.

चव्वेचाळिसाव्या अध्यायात तर त्या बायांचे उत्तरच दिले आहे. यरुशलेम पडले आहे, लोक मिसरात पळून आले आहेत आणि यिर्मया सांगतो आहे की हे सारे तुमच्या मूर्तिपूजेचे फळ. बाया त्याला तोंडावर सांगतात की आम्ही आकाशराणीला धूप दाखवीत होतो तोवर पोटभर खात होतो. ते बंद केले तेव्हापासून तलवार आणि दुष्काळ आमच्या मागे लागला आहे. शिवाय पोळ्या काही आम्ही नवऱ्यांच्या नकळत केल्या नव्हत्या. संदेष्ट्याला हे उत्तर गाळता आले असते, पण त्याच्या ग्रंथात ते राहिले. हरलेल्या बाजूचे म्हणणे जिंकलेल्या बाजूच्या पोथीत असे क्वचितच सापडते.

ही झाली गद्यातली गोष्ट. खरी गंमत कवितेत आहे. होशेय हा यिर्मयाच्याही आधीचा, इसवी सनापूर्वी आठव्या शतकातला कवि-संदेष्टा. झाडांच्या गार सावलीखाली यज्ञ करणाऱ्यांवर त्याने कोरडे ओढले आहेत. त्याच होशेयच्या शेवटच्या, म्हणजे चौदाव्या अध्यायात देव स्वतःलाच हिरव्यागार झाडाची उपमा देतो आणि तुझे फळ माझ्यापासून आहे असे म्हणतो. बायबलमध्ये इतरत्र कोठेही देव स्वतःला झाड म्हणवून घेत नाही. त्याच ओळीत ‘मी ओ देतो आणि लक्ष ठेवतो’ अशा अर्थाचे दोन हिब्रू शब्द आहेत : ‘अनीथी’ आणि ‘अशुरेन्नू’. युलिउस वेलहाउझेन (1844–1918) या जर्मन पंडिताला त्यांत अनाथ आणि अशेरा या दोन देवींची नावे ऐकू आली. मूळ पाठ तसाच असावा, म्हणजे ‘मीच त्याची अनाथ, मीच त्याची अशेरा’ असे देव म्हणत असावा, असा तर्क त्याने केला. पाठ बदलण्याइतका पुरावा नाही असे पुढच्या बहुतेकांचे मत पडले. पण ध्वनीचा खेळ जाणूनबुजून केलेला असावा असे मानणारे आजही आहेत. मला दुसरे मत पटते. ज्या झाडाखाली जायला कवी मना करतो, तेच झाड तो देवाच्या तोंडी घालतो. तुम्हाला सावलीच हवी ना, मग ती माझ्याकडे आहे, असा त्याचा रोख आहे.

ही अशेरा कोण? 1928 साली सिरियात एका शेतकऱ्याच्या नांगराला जुने थडगे लागले आणि पुढील वर्षापासून तेथे उत्खनन होऊन उगारित हे प्राचीन नगर सापडले. तेथील मातीच्या विटांवर कोरलेल्या काव्यांत एल या थोरल्या देवाची पत्नी म्हणून अथिरात येते. हिब्रूतली अशेरा तीच, असे मानतात. पुढे 1975–76 साली सिनाईच्या वाळवंटात कुंतिल्लत अज्रूद या ठिकाणी मोठ्या रांजणांवर लिहिलेले आशीर्वाद मिळाले. ते इसवी सनापूर्वी 800च्या सुमाराचे असून यहोवा ‘आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने दिलेले आहेत. येथे अशेरा म्हणजे देवी की तिचा लाकडी खांब, हा वाद मिटलेला नाही. खांब धरला तरी तो देवीचाच. आमच्याकडेही दगड म्हटले काय आणि माता म्हटले काय, माणसे एकाच ठिकाणी जातात.

आता आपल्याकडे येते. होशेयने जे एका ओळीत, कदाचित आडून केले, ते पैठणच्या एकनाथांनी (1533–1599) उघड्यावर आणि भरपूर केले आहे. त्यांचा जोगवा पाहा. भवानीच्या भक्तिणीचे सगळे साहित्य त्यात आहे : नवरात्र, माळ, झेंडा, परडी. पण नवरात्र नवविधा भक्तीचे आहे आणि परडी बोधाने भरायची आहे. जोगतीण नवऱ्याला सोडते, तो नवरा म्हणजे विकल्प. त्यांचे गोंधळाचे रूपकही असेच. हे देवीला हाकलणे नव्हे आणि निव्वळ तिची पूजाही नव्हे. नाथांनी देवीच्या अंगणातली भाषा उचलली, तिच्यातले एकही भांडे न फोडता घरी आणली आणि त्यांत दुसरे अन्न वाढले.

मला सर्वांत आवडलेले भारूड रोडग्याचे आहे. एक सून भवानीआईला साकडे घालते की लवकर पाव, तुला रोडगा वाहीन. मागणे काय, तर सासरा गावी गेला आहे त्याला तिकडेच संपव, सासूला घेऊन जा, जावेचे, नणंदेचे असेच काही कर, सगळे जाऊ दे आणि मला एकटीला राहू दे. वर्गात सर्वजण हसले. नंतर सरांनी अर्थ सांगितला की सासूसासरे म्हणजे संसाराची बंधने आणि एकटी राहणे म्हणजे आत्मस्वरूपी राहणे. अर्थ बरोबरच आहे. पण मला वाटते, ज्याने खरोखर नवस बोलणाऱ्या बाया ऐकलेल्या नाहीत त्याला हे भारूड लिहिता आलेच नसते. वेदान्त नाथांचा, पण हाक बाईची आहे. यिर्मयाच्या बायांप्रमाणे हीसुद्धा एका पुरुषाच्या पोथीतून बोलते; फरक इतकाच की नाथांना तिचा राग येत नाही.

ज्ञानेश्वरांची तऱ्हा निराळी आहे. ‘ज्ञानेश्वरी’च्या (1290) सहाव्या अध्यायात ते कुंडलिनीला जगदंबाच म्हणतात. बाराव्याच्या आरंभी गुरूच्या कृपादृष्टीला स्त्री मानून तिचे स्तवन केले आहे. ती साधकाला आधारशक्तीच्या मांडीवर वाढविते, हृदयाकाशाच्या पाळण्यात झोके देते, सतराव्या कलेचे दूध पाजते, अनाहताचे गाणे म्हणते आणि समाधीच्या बोधाने समजावून निजविते. निवृत्तिनाथ पुरुष होते. तरीही त्यांच्या कृपेला पाळणा, दूध आणि अंगाई लागली. नाथपंथाच्या शक्तिविचाराचे हे ऋण आहे हे उघड आहे. ‘अमृतानुभवा’चा आरंभही शिव आणि शक्ती यांच्या जोडप्यानेच होतो.

परंतु येथे एक सावधगिरी हवी. आई दिसली की तेथे देवीच असावी, असे धरून चालले तर कोठेही देवी सापडेल. तुकोबांची ‘विठाई’ ही मला लाडाची हाक वाटते. तिच्यावरून पंढरपुरात पूर्वी देवी होती असे सिद्ध होत नाही. हिब्रूकडे पाहिले तर यशया देवाला प्रसूतीच्या कळा देणाऱ्या बाईची आणि लेकराचे सांत्वन करणाऱ्या आईची उपमा देतो. हिब्रूत ‘रेहेम’ म्हणजे गर्भाशय आणि त्याच्याच धातूचा ‘रहमीम’ म्हणजे करुणा. हे फार सुंदर आहे, पण त्यासाठी अशेरा मानावी लागत नाही, आई असली की पुरे. ‘गीतरत्ना’तील नायिका चंद्रासारखी सुंदर आणि ध्वजा घेतलेल्या सेनेसारखी भयंकर आहे, सिंहांच्या गुहा असलेल्या डोंगरावरून ती येते. मार्विन पोप या अमेरिकन अभ्यासकाने 1977 सालच्या आपल्या भाष्यात तिचा काळा वर्ण समजावताना आपल्या कालीपर्यंत मजल मारली. वाचायला मौज वाटते, पटत मात्र नाही. प्रेमात पडलेला कोणताही कवी एवढे बोलेल. ‘नीतिसूत्रे’च्या आठव्या अध्यायातील स्त्रीबद्दल मात्र मन द्विधा होते. ती वेशीवर उभी राहून हाका मारते, सृष्टीच्या आधीपासून देवाजवळ होती असे सांगते, आणि याच ग्रंथात आधी तिला जीवनवृक्ष म्हटले आहे. पुन्हा झाडच! तिला मराठीत ‘ज्ञान’ म्हटले की ती बाई नाहीशी होते. ‘प्रज्ञा’ म्हटले तरच राहते.

माझ्या परीक्षेतल्या उत्तरात चूक होती ती ही. संतांनी निषेध केला हे खोटे नाही. तुकोबांचे शब्द तर फारच कडक आहेत. पण निषेध करणाऱ्याला आणि ज्यांचा निषेध झाला त्यांना एकच भाषा बोलावी लागते, आणि ती भाषा आधी कणीक मळणाऱ्या बायांची होती. देवी नाकारली तरी तिचे झाड, तिची परडी, तिचा पाळणा कवितेत राहतो. अशेराच्या बाबतीत ते शोधायला रांजणांचे तुकडे जुळवावे लागले. आमच्याकडे मातामायपुढची दिवली अजून विझलेली नाही, म्हणून आम्हाला तिच्याकडे पाहण्याचे सुचत नाही. रा. चिं. ढेरे यांनी ‘लज्जागौरी’ (1978) लिहिले तेव्हा अशाच ठाण्यांकडे आणि मूर्तींकडे त्यांनी अभ्यासकांना वळवले. झाडीपट्टीतल्या मातामायच्या गाण्यांसाठी तसे काम आपल्या महाविद्यालयातील कोणी करील काय?

दिवाळीच्या सुटीत मी आजीला नाथांचे ते भारूड वाचून दाखविले. सासूला घेऊन जा म्हणते तेथे आजी आईकडे पाहून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग मी अर्थ सांगितला, बंधने, आत्मस्वरूप वगैरे. तिने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “मंग रोडगा वाह्यला का तिनं?”

मी पुन्हा भारूड वाचून पाहिले. त्यात ते सांगितलेले नाही.