कागदावरची तलवार किती किलोची? (खेळातून गणित आणि विज्ञान)



दिवाळीच्या सुट्टीआधी आमच्या वर्गातल्या काही मुलांनी एक खेळ स्वतः तयार करायला घेतला. टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र व्हायचं, एकाने गोष्ट पुढे न्यायची आणि पात्राला जे करायचंय ते जमलं की नाही हे फासे टाकून ठरवायचं. अशा खेळांची सुरुवात अमेरिकेत १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या खेळाने झाली. त्यात ४, ६, ८, १२, २० अशा वेगवेगळ्या बाजूंचे फासे वापरतात. आमच्या मुलांनी गोष्ट घेतली एका डोंगरी किल्ल्याची.

एका विद्यार्थ्याने आपल्या पात्रासाठी 'महाखड्ग' काढलं. वजन २० किलो, वार कधी चुकणार नाही, एका वारात समोरचा आडवा! तीन डाव झाले. तिन्ही डाव तोच जिंकला. चौथ्या डावाला बाकीच्यांनी पेन्सिली खाली ठेवल्या. "सर, आम्ही नाही खेळत. त्याच्यापुढे आमचं काय चालणार?" जिंकलेला मुलगाही हिरमुसला. खेळायला कोणी उरलंच नव्हतं ना!

मग आम्ही सगळे मिळून शस्त्रं नव्याने तयार करायला बसलो. तोच हा पाठ.

१) वजन

२० किलो म्हणजे किती? ऑफिसात किंवा लग्नात पिण्याच्या पाण्याचा जो २० लिटरचा जार असतो, तो भरलेला असताना साधारण तेवढा भरतो. तो उचलून डोक्याभोवती फिरवता येईल का? नाही. एका हाताने चालवायची खरी तलवार साधारण १ ते १.३ किलोची असते, म्हणजे आपल्या क्रिकेटच्या बॅटएवढी. युरोपातल्या दोन हातांनी चालवायच्या लढाऊ तलवारीसुद्धा बहुतेक २ ते ३.५ किलोच्या असत.

२) तोल

बॅट मुठीकडून धरून एकदा हवेत फिरवून पाहा. आता उलटी करून पात्याकडून धरा आणि फिरवा. (आजूबाजूला कोणी नाही ना, ते आधी बघा!) वजन तेच, पण दुसऱ्या वेळी ती हलकी वाटते. कारण जड भाग हाताजवळ आला. तलवारीचा तोल मुठीकडे असतो, म्हणून तिची दिशा पटकन बदलता येते. गुर्जाचं (गदेसारख्या शस्त्राचं) वजन टोकाला असतं. त्याचा तडाखा जबर, पण वार चुकला की हात पुन्हा सावरायला वेळ लागतो.

३) दाब

दाब = बल ÷ क्षेत्रफळ, हे सूत्र आठवतंय ना? तेच बल लहान जागेवर पडलं की दाब वाढतो. कट्यारीचं टोक निमुळतं आणि पुष्कळदा जाड, मजबूत केलेलं असे, ते कड्यांच्या चिलखतातून घुसावं म्हणून. तलवारीची धार मात्र चिलखतावरून घसरू शकते. म्हणजे 'कोणतं शस्त्र भारी?' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणासमोर, कुठे, किती अंतरावरून, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही.

४) फायदा आणि किंमत

आम्ही फळ्यावर दोन रकाने आखले आणि आपल्याकडची शस्त्रं घेतली.

दांडपट्टा: पातं लांब आणि लवचीक, हात कोपरापर्यंत झाकलेला. अनेकांना दूर ठेवता येतं. किंमत: मनगट वळत नाही, सगळी हालचाल कोपर, खांदा आणि कमरेतून. मोकळी जागा हवी आणि भरपूर सराव हवा.

विटा: दोरी बांधलेला भाला. फेकून पुन्हा ओढून घेता येतो. किंमत: तो परत हातात येईपर्यंत शत्रू जवळ आला तर पंचाईत.

वाघनखं: तळहातात लपतात. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं ते तुम्ही इतिहासात वाचलंच आहे. किंमत: शत्रू अगदी मिठीत येण्याएवढा जवळ हवा. भालाईतासमोर यांचा काय उपयोग?

५) आता गणित

सहा बाजूंच्या फाशाची सरासरी (१+६) ÷ २ = ३.५. असे दोन फासे टाकले तर ७.

हलकी तलवार: वीस बाजूंच्या फाशावर ९ किंवा जास्त पडलं की वार लागतो. म्हणजे २० पैकी १२ वेळा, ६०%. इजा एका फाशाची.
३.५ × ०.६ = २.१

जड गुर्ज: १५ किंवा जास्त पडायला हवं. २० पैकी ६ वेळा, ३०%. इजा दोन फाशांची.
७ × ०.३ = २.१

दोन्ही सारखेच! मुलं म्हणाली, "मग सर, फरक काय राहिला?" आता शत्रूला चिलखत घाला. नियम असा की प्रत्येक वारातून ३ इजा कमी, पण शून्याच्या खाली नाही. तलवारीच्या सहा शक्यता होतात ०, ०, ०, १, २, ३. सरासरी १. त्याला ०.६ ने गुणलं की ०.६. गुर्जाची सरासरी सुमारे ४ उरते, ०.३ ने गुणलं की १.२. म्हणजे चिलखतासमोर गुर्ज दुप्पट कामाचा. हाच तर खरेपणा. आकडे सारखे वाटतात, पण परिस्थिती बदलली की निवड बदलते.

शेवटी महाखड्गाचं काय झालं?

त्या मुलाने ते स्वतःच पुन्हा लिहिलं. वजन ३ किलो. दोन्ही हात लागतात, म्हणून ढाल नाही. १५ पडलं तरच वार. अरुंद जागेत फिरवता येत नाही. पुढच्या डावात त्याचं पात्र नेमकं किल्ल्याच्या चिंचोळ्या जिन्यात अडकलं. तो ओरडला, "कट्यारवाला पुढे ये रे!" सगळ्यात मागे बसणारी, तीन डाव गप्प असलेली मुलगी म्हणाली, "आले!" आणि तिने फासा उचलला. त्या दिवशी मधली सुट्टी संपली तरी कोणी जागचं हललं नाही.

एक सूचना: ही शस्त्रं कागदावरच राहू द्या. घरातला चाकू किंवा विळी घेऊन प्रयोग करायचा नाही.

स्वाध्याय

१) आठ बाजूंच्या फाशाची सरासरी काढा. ११ किंवा जास्त पडल्यावर वार लागत असेल, तर एका वाराची सरासरी इजा किती? (उत्तर: २.२५)
२) हेच शस्त्र वरच्या चिलखतासमोर वापरलं तर सरासरी किती उरेल? आठही शक्यता लिहून काढा.
३) एक शस्त्र स्वतः तयार करा. त्याचे दोन फायदे आणि दोन किमती लिहा. किंमत सापडत नसेल, तर शस्त्र अजून पूर्ण झालेलं नाही.