दाखला खानदेशचा, शिक्षण सुरतेचे



दहावीचा निकाल लागला की उधना, लिंबायत, डिंडोली, नवागाम भागातील आपल्या घराघरांत एकच बैठक बसते. पोराला पुढे शिकवायचे, की ओळखीच्या कारखान्यात लूमवर लावून द्यायचे? "सरकार काही मदत देते का?" हा प्रश्नही त्याच बैठकीत निघतो. मदत मिळते. पण ती कोणते सरकार देते आणि कोणत्या कागदावर देते, हे ठाऊक नसल्यामुळे आपली बरीच मुले तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत.

आपली अडचण समजून घ्यायची तर नवापूर स्टेशन आठवावे. उधना-जळगाव मार्गावरून गावी जाताना ते लागते. त्याचा अर्धा भाग महाराष्ट्रात आहे आणि अर्धा गुजरातमध्ये. तेथील एका बाकड्यावर दोघे जण शेजारी बसले, तरी एक या राज्यात आणि दुसरा त्या राज्यात असतो! 30 एप्रिल 1960 पर्यंत सुरत आणि खानदेश हे एकाच मुंबई राज्यात होते. 1 मे 1960 ला दोन राज्ये झाली. माणसे पूर्वीसारखीच त्याच गाडीने ये-जा करीत राहिली, पण त्यांचे कागद मात्र दोन राज्यांत वाटले गेले.

सरकारी सवलती ढोबळ मानाने दोन जातीच्या असतात. एक सवलत वाडवडिलांच्या रहिवासावर मिळते, दुसरी मूल कुठे शिकले आणि घरचे उत्पन्न किती यावर.

पहिल्या प्रकारात अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागा आणि शिष्यवृत्त्या येतात. घटनेच्या 341 व 342 या कलमांप्रमाणे या याद्या राज्यवार आहेत. केंद्रीय गृहखात्याच्या 1977 च्या पत्रानुसार, जातींसाठी 10 ऑगस्ट 1950 रोजी आणि जमातींसाठी 6 सप्टेंबर 1950 रोजी कुटुंबाचा कायमचा रहिवास कोणत्या राज्यात होता, हे पाहिले जाते. आंध्रातून लहानपणी मुंबईत आलेल्या आणि तेथेच बारावी झालेल्या एका विद्यार्थ्याने वैद्यकीय महाविद्यालयात जमातीच्या राखीव जागेवर हक्क सांगितला होता. सर्वोच्च न्यायालयाने 1990 साली तो मान्य केला नाही. एका राज्यात मागास गणलेला समाज दुसऱ्या राज्यात तसाच गणला जाईल असे नाही, हे त्यामागचे कारण. 2018 साली पाच न्यायमूर्तींच्या पीठानेही हेच तत्त्व कायम ठेवले.

याचा उधन्यात काय अर्थ होतो? वडील धुळ्याहून आले आणि मुलगा येथेच जन्मला, तर वडिलांच्या मूळ दाखल्यावरून त्याला येथे जातीचा दाखला मिळू शकतो. गुजरात राज्याची राखीव जागा मात्र त्यावर मिळत नाही. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा नियम असा, की विद्यार्थी ज्या राज्याचा, त्या राज्याने ती द्यावी. मग महाराष्ट्राकडे अर्ज करावा, तर तेथे महाराष्ट्राचा अधिवास दाखवावा लागतो. मुलाचा जन्म, शाळा, रेशनकार्ड, सारे सुरतेचे! दोन घरचा पाहुणा उपाशी, ती ही गत. हा नियम न्यायाचा वाटो वा न वाटो (मला स्वतःला तो तिसऱ्या पिढीसाठी जाचक वाटतो), आज तरी तो असा आहे. ज्यांचे आजोबा-पणजोबा 1950 पूर्वीच या भागात स्थायिक झाले असतील, त्यांनी जुनी शाळेची नोंद, जन्म-मृत्यूचे उतारे, घरपट्टीच्या पावत्या जरूर शोधाव्यात.

महाराष्ट्राचा दाखला निरुपयोगी आहे असे मात्र समजू नये. केंद्र सरकारच्या नोकऱ्या आणि केंद्रीय संस्था यांत तो चालतो. आपल्या सुरतेतील सरदार वल्लभभाई राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेचेच पाहा. तेथे निम्म्या जागा स्वराज्यातील विद्यार्थ्यांसाठी असतात आणि 'स्वराज्य' कोणते, हे बारावी कुठून झाली त्यावरून ठरते. म्हणजे उधन्यातून बारावी झालेला विद्यार्थी तेथे गुजरातचा धरला जातो आणि राखीव जागेसाठी त्याचा महाराष्ट्राचा दाखलाही ग्राह्य असतो. बाकड्याची दोन्ही टोके येथे कामी येतात.

दुसऱ्या प्रकारच्या सवलतींत जातीचा प्रश्न येत नाही. 2024 साली सुरू झालेल्या नमो लक्ष्मी योजनेत सरकारी व अनुदानित शाळांतील मुलींना नववी ते बारावी या चार वर्षांत मिळून 50,000 रुपये मिळतात. काही रक्कम दरमहा आणि उरलेली दहावी-बारावी उत्तीर्ण झाल्यावर. अट 80 टक्के हजेरीची. लग्नसराईत लेकीला पंधरा-पंधरा दिवस गावी नेणाऱ्या आयांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पैसे बहुधा त्यांच्याच खात्यात यायचे असतात. 2015 पासूनची मुख्यमंत्री युवा स्वावलंबन योजना, कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 6 लाखांपर्यंत असेल तर, डिप्लोमा व पदवीच्या फीचा निम्मा भार ठरावीक मर्यादेपर्यंत उचलते. त्यासाठी 80 पर्सेंटाइल लागतात. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत! 65 टक्के मिळालेला विद्यार्थीही कधी त्यात बसतो, म्हणून गुणपत्रिका नीट वाचावी.

आणि ज्याला इतके गुण नाहीत त्याचे काय? खरे तर हा लेख त्याच्यासाठीच आहे. केंद्राची कारागीर प्रशिक्षण योजना 1950 पासून चालू आहे. तिचे नित्याचे रूप म्हणजे आय.टी.आय. आपल्याला मजुरा गेटचे सरकारी आय.टी.आय. जवळ आहे. वेल्डर, वायरमन यांसारख्या काही ट्रेडना आठवी पास पुरते. इलेक्ट्रिशियन, फिटर यांना दहावी लागते. गुजरातमध्ये आठवीनंतर दोन वर्षांचे आय.टी.आय. करून भाषेची परीक्षा दिली, तर ते दहावीच्या बरोबरीचे धरतात. दहावीनंतर केले तर बारावीच्या बरोबरीचे. पुढे डिप्लोमाची वाटही खुली राहते. आपल्या भागात सुपरिचित असलेले श्री. सी. आर. पाटील जळगाव जिल्ह्यात जन्मले, सुरतेच्या आय.टी.आय.त शिकले आणि 2024 साली केंद्रीय जलशक्ती मंत्री झाले. राजकारण कोणाचे काहीही असो, आय.टी.आय. म्हणजे नापासांची जागा हा समज त्यावरून सोडावा.

आय.टी.आय.नंतर शिकाऊ उमेदवारी येते. अप्रेंटिस कायदा 1961 चा आहे. 2019 च्या सुधारित नियमांनुसार 30 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेने शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले आणि आय.टी.आय. झालेल्याचे किमान विद्यावेतन दरमहा 7,000 रुपये ठरले. लूमचे छोटे खाते या आकड्यात क्वचितच बसते, तेव्हा शोध पांडेसऱ्याच्या मोठ्या डाइंग-प्रिंटिंग मिलांत किंवा हजिऱ्याच्या कारखान्यांत घ्यावा. पश्चिम रेल्वेही असे उमेदवार घेते, आणि त्यासाठी वेगळी लेखी परीक्षा नसते. दहावी व आय.टी.आय. यांच्या गुणांवरच यादी लागते. लूमवर मीटरमागे मजुरी पहिल्या पंधरवड्यातच हाती येते, हे खरे. घरभाडे, किराणा तिच्यावरच चालतो, म्हणून त्या बापाला दोष देता येत नाही. पण दोन वर्षांनंतर त्याच मुलाजवळ देशभर चालणारे प्रमाणपत्र नसते आणि मीटरचा भाव ठरविणे त्याच्या हाती नसते.

शेवटी कागदांविषयी. गुजरातीत लिहिताना 'पाटील'चे 'पटेल' होते, आईचे नाव एका दाखल्यात माहेरचे तर दुसऱ्यात सासरचे असते, आणि आधारकार्डावर तिसरेच काही. मूल शाळेत आहे तोवर पालकांनी आठवी-नववीतच जन्मदाखला, आधार आणि शाळेच्या रजिस्टरातील नाव एकत्र ठेवून अक्षर-अक्षर जुळवून पाहावे. शाळा सोडल्याचा दाखला हाती पडल्यानंतर त्याच दुरुस्तीसाठी जिल्हा शिक्षणाधिकाऱ्यांच्या कचेरीपर्यंत जावे लागते, आणि प्रवेशाची तारीख तोवर थांबत नाही.