दुकान चौकात की उपनगरात?

प्रश्न : मुंबईच्या मध्यवर्ती भागात एवढी गर्दी असूनही डी-मार्टसारख्या साखळ्या उपनगरंच का निवडतात?

उत्तर : कारण सगळी गर्दी गिऱ्हाईक नसते. चर्चगेटहून घरी निघालेला माणूस ५ किलो पीठ घेऊन लोकलमध्ये चढत नाही. महिन्याचं सामान घराजवळच भरलं जातं. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये पवईत निघालं आणि कंपनीचा भर जागा भाड्याने घेण्यापेक्षा मालकीची करण्यावर राहिला. किराण्यातला नफा तुटपुंजा. दक्षिण मुंबईतल्या जागांचे भाव त्याला पेलवणं कठीण. मग कुलाब्यात बड्या ब्रँडची दुकानं कशी टिकतात, असं कुणी विचारेल. तिथे कपडे, घड्याळं खपतात : पिशवी हलकी, नफा भरघोस. तांदळाला ते गणित लागू पडत नाही. अर्थात ठाणंही आता स्वस्त उरलेलं नाही, तेव्हा नव्या दुकानासाठी हा हिशेब पुन्हा मांडावाच लागेल.