कोलॅजनची पावडर घेण्याआधी

कोलॅजन हे शरीरातले सर्वांत मुबलक प्रथिन आहे. एकूण प्रथिनांचा सुमारे तिसरा हिस्सा त्याचाच. कातडी, हाडे, कूर्चा आणि स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या दोऱ्या ताण सोसतात ते त्याच्या तीनपदरी पिळामुळे. वर्धा जिल्ह्याला हे द्रव्य जुन्या ओळखीचे आहे, नाव तेवढे नवे. नालवाडीच्या चर्मालयात १९३०च्या दशकात गोपाळराव वाळुंजकरांनी आपोआप मेलेल्या गुरांची कातडी कमावण्याचे काम उभे केले. कमावलेले चामडे म्हणजे कुजणार नाही असे केलेले कोलॅजनच. कातडी आणि हाडे उकळली की जिलेटिन सुटते. सुताराचा जुना सरस त्यातलाच. जिलेटिनचे आणखी बारीक तुकडे केले की पाण्यात सहज विरघळणारी पावडर होते, आणि मेडिकलच्या फळीवरच्या डब्यात तीच असते.

खाल्लेले कोलॅजन जसेच्या तसे चेहऱ्यावर किंवा गुडघ्यात जाऊन बसत नाही. आतड्यात त्याची अमिनो आम्ले होतात. दोन-तीन आम्लांचे काही तुकडे मात्र तसेच रक्तात उतरतात, आणि ते पेशींना नवे कोलॅजन बनवायला चेतवत असावेत, या तर्कावर सगळी विक्री उभी आहे. प्रथिन म्हणून ही पावडर उणीच. ट्रिप्टोफॅन हे आवश्यक अमिनो आम्ल तिच्यात मुळीच नसते. तुरीच्या वरणात ते थोडे का होईना असते, अंड्यात तर भरपूर.

पुरावा काय सांगतो? त्वचेवरच्या २३ चाचण्यांचा, एकूण १,४७४ व्यक्तींचा, एकत्रित आढावा २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्या चाचण्या एकत्र धरल्या तर ओलावा, लवचिकता आणि सुरकुत्या यांत सुधारणा दिसली. कंपन्यांचा पैसा नसलेल्या चाचण्या वेगळ्या काढल्यावर ती उरली नाही. उच्च दर्जाच्या चाचण्यांतही उरली नाही. सांध्यांच्या बाबतीत युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०११ मध्येच कार्यकारणसंबंध सिद्ध होत नसल्याचे म्हटले होते. त्यानंतरच्या काही चाचण्यांत गुडघेदुखी थोडी उतरल्याचे आढळले, पण झिजलेली कूर्चा पुन्हा भरून येते असे कोणी दाखवलेले नाही.

खरे नुकसान पैशांपेक्षा वेळेचे होते. हा मजकूर लिहिणाऱ्या वर्ध्याच्या शिक्षिकेने पन्नाशीत आठ महिने पावडर घेतली. गुण तीन महिन्यांनी येतो असे विकणाऱ्याने सांगितले होते; तीन सरल्यावर त्याने आणखी तीन सांगितले. या काळात सकाळी हाताची बोटे तासभर आखडलेली असायची, पेरे सुजायची, आणि ‘वयाची झीज, पावडर चालू आहे’ म्हणून ते अंगावर काढले गेले. तपासणीत आमवात निघाला. त्यावर लवकर औषध सुरू झाले तर सांधे वाकडे होण्यापासून वाचवता येतात; आठ महिने ही त्यात मोठी मुदत आहे. म्हणून सकाळचा आखडलेपणा अर्ध्या तासाहून जास्त टिकत असेल, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील किंवा सांधा गरम लागत असेल, तर कुठलाही डबा उघडण्याआधी डॉक्टर गाठावा. साध्या झिजेच्या गुडघ्याला सर्वांत जास्त आधार मांडीचे स्नायू बळकट करण्याचा आणि वजन उतरवण्याचा मिळतो.

शरीर स्वतःचे कोलॅजन बनवते तेव्हा त्याला क जीवनसत्त्व लागतेच. ते नसले की पीळ पक्का बसत नाही आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागते. कारंजा आणि आष्टीकडची संत्री, आवळा, पेरू यांतून ते सहज मिळते. असलेले कोलॅजन तुटते ते मुख्यतः उन्हाने आणि धुराने. वर्ध्याचा मे महिना ४५ अंशांपर्यंत जातो. शेतात राबणाऱ्या बाईचा डोक्या-तोंडाला गुंडाळलेला दुपट्टा आणि नवऱ्याची सुटलेली बिडी त्वचेच्या जास्त कामी येतात. शिवाय कोलॅजन वाढणे हे नेहमी चांगलेच असते असे नाही. खर्ऱ्यातल्या सुपारीने गालाच्या आत ते साचत जाते, तोंड उघडेनासे होते, आणि तिथेच पुढे कर्करोगाचा धोका असतो.

तरीही घ्यायचेच ठरले तर डबा नीट वाचावा. कोलॅजन प्राण्यांतच असते: गाय, डुक्कर, कोंबडी किंवा मासा. शाकाहारी घराने चौकटीतला तपकिरी त्रिकोण पाहावा. वर सांगितलेल्या शिक्षिकेला तो पाचव्या महिन्यात दिसला, आणि घरात त्याचे दुःख बरेच दिवस राहिले. हिरव्या ठिपक्याच्या ‘कोलॅजन बिल्डर’मध्ये कोलॅजन नसते, असतात ती बहुधा जीवनसत्त्वे आणि वनस्पतींचे अर्क. माशांची ॲलर्जी असणाऱ्याने ‘मरीन’ शब्द दिसताच डबा ठेवून द्यावा. कोलॅजनमधल्या हायड्रॉक्सिप्रोलिनपासून शरीरात ऑक्झलेट तयार होते, त्यामुळे मूतखडा होऊन गेलेल्यांनी, तसेच मूत्रपिंडाच्या आजारामुळे प्रथिनांचे माप ठरवून दिलेल्यांनी, डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही पावडर घेऊ नये.