रिंग बसवाल, पण काढणार कोण?

नेपाळला जायला आपल्याला व्हिसा लागत नाही. रेल्वेने गोरखपूर गाठायचं, तिथून सोनौलीची सीमा, की आपण पलीकडे. त्यामुळे रजा टाकून आरोग्य शिबिराला निघालेल्या आपल्या बऱ्याच सिस्टरांना वाटतं की बाकीही काही लागत नसेल. लागतं. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी तिकडे चालत नाही. रुग्णाला हात लावायचा तर नेपाळ नर्सिंग काउन्सिलची परवानगी हवी, आणि ज्या गावात शिबिर घ्यायचं तिथल्या पालिकेला आधी कळवलेलं हवं, कारण गावची स्वास्थ्य चौकी आता पालिकेच्या हाताखाली असते. अशा ७५३ पालिका आहेत. आयोजक म्हणाले, ‘ते सगळं आम्ही बघतो’, तर कागद बघायला मागा. तो दिसेपर्यंत तिकीट काढू नका.

मी गेले ते सिंधुपाल्चोक जिल्ह्यात, भूकंपानंतर काही वर्षांनी. २५ एप्रिल २०१५ च्या त्या भूकंपात सर्वांत जास्त माणसं याच जिल्ह्यात दगावली. साहजिकच तिथे मदतीला पथकंही पुष्कळ आली. आली आणि गेली. आमचं शिबिर शाळेत होतं. बायकांच्या टेबलाशी दुभाषा म्हणून नववी-दहावीतला एक मुलगा बसवला होता. पोरगा हुशार होता, पण त्याच्या देखत सगळ्या बायकांचं दुखणं एकच निघायचं, कंबर दुखते आणि पोट दुखतं. दुपारी त्याच्या जागी गावची महिला स्वास्थ्य स्वयंसेविका येऊन बसली आणि तामाङ भाषेत बोलायला लागली. मग त्याच बायका पुन्हा रांगेत आल्या आणि खरं सांगू लागल्या. अंग बाहेर येतं, म्हणजे गर्भाशय खाली उतरतं, बसताना टोचतं, लघवी अडते. कित्येकींनी हे घरात कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

नेपाळच्या डोंगरात हे दुखणं फार आहे. लहान वयात बाळंतपणं, ती घरीच, आणि बाळंतीण उठते ती पाठीला डोको लावून गवत-लाकडाला जाते. डोको म्हणजे बांबूची मोठी करंडी, तिचा पट्टा कपाळावर घेतात. ओलं अंग सावरायला सवडच मिळत नाही. २००८ साली नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने या दुखण्याकडे झालेलं दुर्लक्ष हा स्त्रियांच्या हक्काचा प्रश्न मानला आणि सरकारला पावलं उचलायला सांगितलं.

त्या रांगेत एक म्हातारी होती. तिला घाण वास येणारा पांढरा स्राव जात होता, अधूनमधून रक्त दिसायचं. तपासलं तर आत रिंग, उतरलेलं अंग वर धरून ठेवायला बसवतात ती. एका शिबिरात कुणीतरी बसवून दिली होती, कधी ते तिला नीट आठवेना. ती काढून धुवायची असते, बदलायची असते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या समजुतीप्रमाणे ते औषध होतं आणि ते आयुष्यभर आतच राहायचं होतं. रिंग मांसात रुतली होती, भोवती जखम झाली होती. आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी ती हलक्या हाताने काढली तेव्हा म्हातारीने माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. ज्यांनी ती बसवली त्यांनी मन लावूनच काम केलं असणार. पण दर तीन ते सहा महिन्यांनी कुणीतरी बघायला हवी अशी वस्तू अंगात ठेवून ते निघून गेले, आणि मागे बघणारं कुणीच ठेवलं नाही. अशी रिंग पुढे मूत्राशयापर्यंतही भोक पाडू शकते. हे आठवलं की मला अजून संताप येतो.

म्हणून शिबिराला बोलावणं आलं की माझं पहिलं विचारणं असं असतं: आपण निघालो की दुसऱ्या दिवसापासून या बाईला कोण बघणार? उत्तरात माणूस यायला हवा, म्हणजे अमुक चौकीची अमुक अनमी. (आपल्याकडे जिला एएनएम म्हणतो तीच.) ती शिबिरात आपल्या शेजारी बसलेली हवी, आणि रिंग डॉक्टरांच्या देखरेखीखाली तिनेच बसवलेली हवी. चौकीत त्याच मापाच्या रिंगा मिळतात का, हे आधी विचारून घ्या. रिंग बसवल्यावर बाईला लगेच घरी पाठवू नका. तिला चालायला लावा, उकिडवं बसवा, खोकायला सांगा, लघवीला जाऊन येऊ द्या, मगच सोडा. जिला जमेल तिला स्वतः काढून धुवायला शिकवा. अंग पहिल्या डिग्रीचंच उतरलेलं असेल तर व्यायाम आणि ओझ्यापासून विश्रांती यावर भागतं, तिला रिंग देऊच नका. तिसऱ्या डिग्रीची बाई असेल तर जवळच्या मोठ्या रुग्णालयाची (सिंधुपाल्चोकातून चौतारा किंवा धुलिखेलची) चिठ्ठी द्या आणि बसभाड्याचं काय हेही बघा, नाहीतर चिठ्ठी घरात पडून राहते. आणि जे काम आपल्या वॉर्डात आपल्याला करू देत नाहीत, ते तिथे कुणी अडवत नाही म्हणून करू नये. ती बाईही आपल्या वॉर्डातल्या बाईइतकीच माणूस आहे.

औषधांचंही तेच. एका आजोबांनी पिशवीतून तीन पाकिटं काढून दाखवली. तीन शिबिरांची, तीन कंपन्यांची, आणि आत एकच गोळी, ॲम्लोडिपिन. ते रोज तिन्ही घेत होते. पाय सुजलेले, उठलं की चक्कर. ही गोळी तिथल्या चौकीत सरकार फुकट देतं. आपण ती बॅगेत भरून नेण्याऐवजी रुग्णाला चौकीच्या रजिस्टरात आणलं तर जास्त उपयोग. डॉक्टरांकडे साठलेले सॅम्पल तर नेऊच नका. जागतिक आरोग्य संघटनेचे औषधदानाचे नियम फुकट सॅम्पलना सरळ मनाई करतात आणि औषध पोचेल तेव्हा मुदत संपायला निदान वर्ष बाकी असावं असं सांगतात.

स्वतःची काळजीही घ्या. हिपॅटायटिस बीची लस पूर्ण झालेली असू द्या. सुई टोचली तर एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आत, आणि खरं तर जितक्या लवकर तितकं बरं, सुरू करावी लागते. ती जवळ कुठे मिळेल हे शिबिर सुरू होण्याआधी माहीत करून घ्या. वापरलेल्या सुया शाळेच्या मागे पुरू देऊ नका. त्या वस्तीत पोरं अनवाणी फिरतात.

तारीख ठरवताना आषाढ टाळा. लावणीचे दिवस असतात, दरडी कोसळून रस्ते बंद होतात, आणि जिला आपण शोधतोय ती बाई दिवसभर चिखलात वाकलेली असते. मंसिरात, म्हणजे आपल्या नोव्हेंबर-डिसेंबरात, कापणी उरकलेली असते. तेव्हा बसवलेली रिंग तपासायची पहिली तारीख फागुनात पडते. रस्ते कोरडे असतात आणि अनमीला घरोघरी पोचता येतं.