लाकडी सांगाड्याचं घर वाचायचं कसं?



परिसर अभ्यासात 'घरांचे प्रकार' शिकवताना आपण झोपडी, कौलारू घर, इमारत, इग्लू अशी चित्रं दाखवतो आणि पुढच्या पाठाकडे वळतो. घर कशाचं बनलंय हे मुलं पटकन सांगतात. पण घर उभं कशावर आहे, हे विचारायचं राहूनच जातं. हा प्रश्न शिकवायला इंग्लंडमधलं एक शेतकऱ्याचं घर फार उपयोगी पडतं. त्याचं नाव बे-लीफ. (मधली रेघ मुद्दाम दिली आहे, नाहीतर कोर्टातला बेलिफ डोळ्यांसमोर येतो.)

हे घर केंट परगण्यातल्या चिडिंगस्टोन गावच्या परिसरातलं. मधला भाग आणि एक टोक १४०५ ते १४३० च्या दरम्यानचं, दुसरं टोक साधारण १५०५ ते १५१० चं. म्हणजे घराच्या दोन भागांत शंभर वर्षांचं अंतर! १९६० च्या दशकात तिथे जलाशय करायचं ठरलं आणि घर त्या जागेत आलं. धरणात गेलेलं गाव म्हणजे काय, हे आपल्याकडे मुलांना वेगळं समजावावं लागत नाही. बे-लीफ मात्र बुडालं नाही. १९६८-६९ मध्ये ते सुटं केलं गेलं आणि १९७२ मध्ये वेस्ट ससेक्समधल्या सिंगलटन इथल्या वील्ड अँड डाउनलँड संग्रहालयात पुन्हा उभं राहिलं.

घर सुटं कसं करता येईल? इथेच थांबा आणि मुलांना विचारा. विटांची भिंत फोडावी लागते. मग हे घर कसं हललं?

कारण त्याचा भार भिंतींवर नाहीच. सगळा भार ओकच्या लाकडी सांगाड्यावर आहे. जाड खांब, त्यांना जोडणाऱ्या आडव्या तुळया, त्यांवर छपराचे वासे. खांबांमधल्या मोकळ्या चौकटी भरल्या आहेत त्या कुडाने. उभ्या काठ्या, त्यांत विणलेल्या आडव्या काटक्या आणि वरून माती, शेण, पेंढा यांचा लेप. कोकणातल्या मुलांना कूड सांगायला नकोच. कूड काढला तर वारा आत येईल, पण घर पडणार नाही.

सांधे तर बघण्यासारखे. एका लाकडात खाच, दुसऱ्याच्या टोकाला त्या खाचेत बसणारी जीभ आणि दोन्हींतून आरपार लाकडी खुंटी. या सांध्यांना लोखंडी खिळा लागत नाही. अशा कामात सुतार खाचेतलं आणि जिभेतलं भोक मुद्दाम किंचित पुढेमागे पाडत. खुंटी ठोकली की ती जिभेला आत ओढून घेई आणि सांधा घट्ट बसे. लाकूडही ओलंच वापरत, कारण वाळलेला ओक इतका कठीण होतो की हत्यार चालत नाही. पुढे वर्षानुवर्षं ते जागेवरच वाळतं, आक्रसतं, थोडं वाकतंही. जुन्या इंग्लिश घरांच्या रेषा वाकड्यातिकड्या दिसतात त्या यामुळे.

आणखी एक गंमत. अशा घरांचा सांगाडा सुतार आधी आपल्या आवारात जमिनीवर आडवा जुळवून बघत, जोडणाऱ्या लाकडांवर जुळत्या खुणा कोरत, मग तो सुटा करून बांधकामाच्या जागी नेत. म्हणजे सुटं होणं या प्रकारच्या घराच्या जन्मातच आहे.

आता आत जाऊ. आपल्याकडे जुनं घर खणांत मोजतात, तसंच हेही मोजता येतं. मध्ये दोन खणांचं उंच दालन, जमिनीपासून थेट छपरापर्यंत मोकळं. दोन्ही टोकांना मात्र वर-खाली खोल्या आहेत. वरच्या खोल्या समोरून थोड्या पुढे आलेल्या असल्यामुळे मधला भाग आत गेल्यासारखा दिसतो. एका टोकाला खाण्यापिण्याचं सामान ठेवायच्या खोल्या, दुसऱ्या टोकाला मालकाच्या कुटुंबाची खासगी जागा. दालनात कुटुंबाचं बसायचं टोकही ठरलेलं असे. खिडक्यांना काच नाही, उभे लाकडी गज आणि झडपा.

चूल दालनाच्या मध्यभागी, जमिनीवर. धुरांडं नाही! धूर वर चढायचा आणि छपराच्या टोकाकडच्या फटींतून बाहेर पडायचा. म्हणून तर दालनावर माळा नव्हता. अशा घरांचे काजळी धरलेले वासे बघूनच अभ्यासक सांगतात की खाली उघडी चूल होती. पुढे धुरांडी आली, धुराला वेगळी वाट मिळाली आणि लोकांनी दालनांवर माळे टाकले. बे-लीफमध्येही असे बदल झाले होते. संग्रहालयाने ते काढून घर साधारण १५४० मध्ये असेल तसं केलं.

मला हा निर्णय थोडा खटकतो. उघड्या चुलीचं दालन डोळ्यांनी बघायला मिळतं हे खरं, पण धुरांडं बांधणाऱ्यांचंही ते घर होतंच की.

वर्गात करायचं असेल तर शरबताच्या नळ्या आणि टाचण्या पुरे. चार नळ्यांची चौकट करून एका कोपऱ्याने ढकलायला सांगा, ती लगेच कलंडते. मग कोपऱ्यात एक तिरकी नळी जोडा आणि पुन्हा ढकलायला सांगा. बे-लीफच्या खांब-तुळयांच्या कोपऱ्यांत बाक दिलेली तिरकी लाकडं आहेत, ती याचसाठी. चित्रात ती मुलांनाच शोधू द्या. टाचण्या लहान मुलांच्या हाती देऊ नका, जोडणी तुम्हीच करा.

मोठ्या वर्गात वादविवाद घ्या : सहाशे वर्षांचं घर जपताना त्याचं कोणतं वय दाखवायचं? पाचवीच्या वर्गात यावर दोन तट पडतातच. पडू द्या.